ॲक्सिस अँड अलाईज १९४२: फौज समुद्रापार न्यायची तर आधी फेऱ्या मोजा

नवीन मंडळी ॲक्सिस अँड अलाईज हा दुसऱ्या महायुद्धावरचा बोर्ड गेम खेळायला बसली की पहिला प्रश्न ठरलेला, टँक घेऊ का फायटर घेऊ, आणि घेतलेलं सगळं पुढे पोचणार कसं हे कोणी विचारतच नाही, मग चौथ्या टर्नला अमेरिकेच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या शिपायांची ही गर्दी झालेली असते आणि तिकडे मॉस्को पडायला आलेलं असतं. मला या गेममधला सगळ्यात आवडता भाग हाच आहे, माल आणि माणसं एका टेरिटरीतून (नकाशावरचा जमिनीचा एक तुकडा) दुसरीत हलवणं, आणि माझं ठाम मत आहे की फासे कसे पडतात यापेक्षा तुमची ने-आण कशी चालते यावर हा गेम जास्त ठरतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

खाली जे आहे ते १९४२ च्या सेकंड एडिशनचं आहे, २०१२ ला आलेली, पाच देशांची. वेगळ्या एडिशनचा डबा असेल तर नियम थोडे वेगळे निघतील, उदाहरणार्थ जुन्या एडिशनमध्ये ट्रान्सपोर्टला, म्हणजे फौज नेणाऱ्या बोटीला, १ चा डिफेन्स असायचा (फाशावर तेवढा किंवा त्याहून कमी आकडा पडला की वार लागतो, अटॅकचंही तसंच), इथे शून्य आहे, आणि त्या एका शून्याने सगळा हिशोब बदलतो. डबा नसेल तर ट्रिपल-ए नावाचा फुकटचा ओपन सोर्स प्रोग्राम आहे, त्यात हाच नकाशा मिळतो आणि बॅटल कॅल्क्युलेटर पण आहे. आमच्या ग्रुपचं अर्धं खेळणं आता त्यावरच होतं कारण रविवारी मेगाब्लॉक असला की डोंबिवलीची पोरं दादरला पोचेपर्यंत दुपार होते, आणि मुंबईतल्या घरात एवढा मोठा बोर्ड पसरून पाच-सहा तास तसाच ठेवायचा म्हणजे घरच्यांनी जेवायचं कुठे हा प्रश्न आहेच.

आधी जमिनीवरचं बघू, ते सोपं आहे पण त्यातच लोक घाई करतात. इन्फन्ट्री आणि आर्टिलरी टर्नला एक टेरिटरी चालतात, टँक दोन. विकत घेतलेलं सामान टर्नच्या शेवटी फॅक्टरीत मांडायचं असतं त्यामुळे ते हलणार पुढच्या टर्नला, आणि नेमका हाच एक टर्न मोजायचा राहून जातो. जर्मनीचं उदाहरण घ्या. बर्लिनहून पोलंड, मग बेलोरशिया, मग वेस्ट रशिया, मग मॉस्को, हे चार टप्पे झाले. पहिल्या टर्नला घेतलेली इन्फन्ट्री दुसऱ्याला पोलंडमध्ये, तिसऱ्याला बेलोरशियात, चौथ्याला वेस्ट रशियात आणि पाचव्याला मॉस्कोवर. टँक हेच अंतर दोन टर्नमध्ये कापतो, म्हणजे तिसऱ्या टर्नला घेतलेला टँक त्याच पाचव्या टर्नला मॉस्कोवर हजर (मधलं सगळं तोवर तुमच्या हातात असेल तर). मग पहिल्याच टर्नला टँकवर पैसे का घालायचे? आधी इन्फन्ट्री आणि आर्टिलरी घेऊन चालायला लावा, टँक मागाहून घ्या, सगळे एकाच दिवशी दारात उभे राहतील. कितीतरी जर्मनी मी असे बघितलेत की टँक पुढे जाऊन एकटे मार खातात आणि इन्फन्ट्री दोन टेरिटरी मागून बघत असते.

आणि एक, स्पेन, टर्की, स्वित्झर्लंड असे जे न्यूट्रल देश आहेत त्यांच्यातून या एडिशनमध्ये जाताच येत नाही, विमान वरून उडवत नेता पण येत नाही. सहारा पण बंद. रस्ता मोजताना हे आधीच वगळा.

आता समुद्र.

ट्रान्सपोर्टची किंमत ७ आयपीसी (आयपीसी म्हणजे गेममधले पैसे), चाल दोन सी झोन (नकाशावरचे समुद्राचे तुकडे). त्यात कुठलंही एक लँड युनिट आणि त्याच्या जोडीला एक इन्फन्ट्री मावते. म्हणजे दोन इन्फन्ट्री चालतील, इन्फन्ट्री आणि आर्टिलरी चालेल, इन्फन्ट्री आणि टँक चालेल, पण दोन टँक नाही आणि टँक-आर्टिलरी एकत्र पण नाही. फॅक्टरी तर बोटीत घालताच येत नाही. लोड करायला वाटेत थांबता येतं, एका झोनमधून एक इन्फन्ट्री उचलली, एक झोन पुढे गेलात, तिथून टँक उचलला, अजून एक झोन पुढे जाऊन दोघांना उतरवलं, हे सगळं एका टर्नमध्ये बसतं. उतरवलं की मात्र बोटीची त्या टर्नची चाल संपली, मग दोन्हीतला एक झोन शिल्लक असला तरी गेला. आणि एका टर्नमध्ये एकाच टेरिटरीत उतरवता येतं, एक शिपाई इकडे आणि एक तिकडे असं करता येत नाही, पण एकाला उतरवून दुसऱ्याला बोटीतच ठेवलं तर चालतं.

युनिटच्या बाजूने नियम अजून कडक आहे. बोटीत चढणं-उतरणं हीच त्या युनिटची पूर्ण चाल. आधी एक टेरिटरी चालून मग बोटीत चढला, असं नाही. टँकला दोनची चाल आहे म्हणून उतरून एक टेरिटरी पुढे घुसवला, असंही नाही. म्हणून बोट जिथे लागणार त्या किनाऱ्यावर फौज एक टर्न आधीच आलेली पाहिजे. वेस्टर्न युनायटेड स्टेट्समध्ये मांडलेली इन्फन्ट्री अटलांटिकला पाठवायची असेल तर दोन टर्न नुसते ईस्टर्नपर्यंत चालण्यात जातात, मग ती तिकडे मांडलीच का हा विचार मांडतानाच करायचा.

एक झोन आणि दोन झोन

सगळ्यात महत्त्वाचं हे आहे, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

किती ट्रान्सपोर्ट घ्यायचे हे तुमच्याकडे फौज किती आहे यावर ठरवू नका, अंतरावर ठरवा. घर ते उतरायचा किनारा यात किती झोन आहेत ते नकाशावर हाताचं बोट ठेवून मोजा.

जर एकच झोन दोन्ही किनाऱ्यांना लागत असेल, म्हणजे इटली आणि लिबियाच्या मधला भूमध्य समुद्र बघा, तर बोटीला हलायचीच गरज नाही. तिथेच उभी राहून इटलीतून चढवा, लिबियात उतरवा, पुढच्या टर्नला परत तेच. दर टर्नला दोन युनिटं. जर्मनीला सुरुवातीला तिथे बॅटलशिपसोबत एक ट्रान्सपोर्ट मिळतं, ती एकच बोट नीट वापरली तर आफ्रिका चालू राहते, तिला उगाच लांब पाठवून बुडवू नका.

अंतर एक झोनचं असेल तर काय होतं बघा. बोट उतरवून समोरच्या किनाऱ्यालाच थांबलेली आहे. पुढच्या टर्नला एक झोन मागे आली, चढवलं, एक झोन पुढे गेली, उतरवलं. दोनची चाल पूर्ण वापरली गेली आणि परत दर टर्नला दोन युनिटं पोचली. म्हणजे एक झोनच्या अंतराला जादा बोट लागतच नाही.

दोन झोन झाले की गणित एकदम फिरतं. आज दोन झोन जाऊन उतरवलं, उद्या दोन झोन परत येण्यातच गेला (घरी पोचल्यावर नॉनकॉम्बॅटमध्ये, म्हणजे लढाया झाल्यावरच्या चालीत, माल चढवून ठेवा, ते चालतं), परवा परत दोन झोन जाऊन उतरवलं. टर्न आड एक खेप. तुम्हाला दर टर्नला फौज पोचवायची असेल तर तेवढ्याच बोटींचा दुसरा संच पाहिजे, एक जातोय तेव्हा दुसरा येतोय. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी आणि रेवसला जाणारी लाँच बघितली असेल त्याला हे लगेच पटेल, जवळच्या फेरीला तीच लाँच परत फिरून येते, लांबच्या फेरीला धक्क्यावर दुसरी उभी लागते नाहीतर माणसं ताटकळतात.

तीन झोन असतील तर तीन टर्नमधून एकदा. पहिल्या टर्नला दोन झोन जाऊन समुद्रातच थांबायचं, दुसऱ्याला एक झोन जाऊन उतरवायचं, तिसऱ्याला दोन झोन मागे, चौथ्याला एक झोन मागे येऊन चढवून लगेच एक झोन पुढे, पाचव्याला उतरवायचं. दर टर्नला दोन युनिटं पोचवायला तीन बोटी, म्हणजे २१ आयपीसी, शिवाय भर समुद्रात मालासकट उभं राहायची रिस्क. तीन झोनचा रस्ता मी तरी धरत नाही, मधे एखादं टप्प्याचं ठिकाण शोधतो, आधी तिथे उतरवायचं आणि तिथून पुढे दुसऱ्या बोटींनी.

अमेरिकेचा हिशोब पैशात मांडून दाखवतो. तुम्हाला युरोपच्या बाजूला दर टर्नला आठ युनिटं उतरवायची आहेत आणि रस्ता दोन झोनचा आहे. आठ युनिटांना चार बोटी, दोन संच म्हणजे आठ बोटी, ५६ आयपीसी. अमेरिकेचं सुरुवातीचं उत्पन्न ४२. चार इन्फन्ट्री आणि चार आर्टिलरी म्हणजे २८, उरले १४, त्यात दोन ट्रान्सपोर्ट. असं टर्नला दोन-दोन करत गेलात तर चौथ्या टर्नपर्यंत नुसत्या बोटी पूर्ण होतात आणि त्यांना राखणारी जहाजं अजून घ्यायचीच आहेत. सुरुवातीच्या बोटी वाचल्या तर थोडं लवकर जमेल. पण हे आकडे पहिल्याच टर्नला समोर असले की तुम्ही बॉम्बर आणि बॅटलशिपच्या मोहात पडत नाही. उलट तीच अमेरिका पहिल्या तीन टर्नमध्ये नुसती फौज घेत बसली तर किनाऱ्यावर दीडशे जणांची रांग लागल्यासारखं दिसतं आणि एका टर्नला चारच जण पार होतात.

ब्रिटनचा रस्ता छोटा, त्यामुळे तीन-चार बोटी पुष्कळ झाल्या. लंडनच्या फॅक्टरीतून टर्नला आठच युनिटं मांडता येतात, मग आठ युनिटांपेक्षा जास्त न्यायच्या बोटी घेऊन करणार काय.

बोटीत काय भरायचं

नवीन माणूस हमखास इन्फन्ट्री आणि टँक भरतो कारण टँक भारी दिसतो. जरा आकडे बघा. इन्फन्ट्री ३ आयपीसी, अटॅक १. टँक ६ आयपीसी, अटॅक ३. जोडी ९ आयपीसीला पडली आणि अटॅक मिळाला ४. आता इन्फन्ट्री आणि आर्टिलरी घ्या, आर्टिलरी ४ आयपीसी, अटॅक २, आणि तिच्या जोडीला असलेल्या इन्फन्ट्रीचा अटॅक १ चा २ होतो. जोडी ७ आयपीसीला, अटॅक तेवढाच ४. दर बोटीमागे २ आयपीसी वाचले, चार बोटी असतील तर टर्नला ८, म्हणजे एक डिस्ट्रॉयर फुकट. टँकचा डिफेन्स आर्टिलरीपेक्षा एकने जास्त आहे, ३ विरुद्ध २, आणि एकदा पाय रोवले की पुढच्या टर्नला तो दोन टेरिटरी आत घुसतो, म्हणून उतरायची जागा पक्की झाल्यावर टँक आणा. पहिल्या लाटेला आर्टिलरीच. दोन इन्फन्ट्रीची जोडी ६ आयपीसीला सगळ्यात स्वस्त, पण अटॅक फक्त २, ती राखायला आणि गर्दी वाढवायला चांगली.

अँटी-एअरक्राफ्ट गन फक्त नॉनकॉम्बॅटमध्ये हलते हे विसरू नका, हल्ल्याच्या बोटीत तिला जागा देऊ नका.

राखण

ट्रान्सपोर्टला अटॅक नाही, डिफेन्स नाही, आणि लढाईत ते शेवटी मरतं, म्हणजे त्याला पुढे करून डिस्ट्रॉयर वाचवता येत नाही. सोबतची लढाऊ जहाजं संपली की उरलेले सगळे ट्रान्सपोर्ट फासा न टाकता बुडतात, दोन असो की दहा. एक मोकळा बॉम्बर येऊन ७० आयपीसीच्या दहा बोटी एका फटक्यात नेऊ शकतो. म्हणून टर्न संपवण्याआधी एक काम न चुकता करा, शत्रूचं प्रत्येक विमान आणि जहाज बोटाने मोजा की ते इथे पोचतं का. फायटरची चाल ४, बॉम्बरची ६, पण परत उतरायला पण चाल उरली पाहिजे, त्यामुळे बऱ्याचदा दिसतं तेवढं भय नसतं. कॅल्क्युलेटर असेल तर आकडे टाकून बघा.

राखणीला स्वस्तात डिस्ट्रॉयर, ८ आयपीसीला २ चा डिफेन्स आणि मार खायला एक अंग. कॅरिअर १४ चा आणि त्याच्यावर दोन फायटर, फायटरचा डिफेन्स ४, असलेली फायटर त्यावर आणून बसवलीत तर १४ आयपीसीत ताफा एकदम जड होतो, मला ब्रिटनसाठी हेच आवडतं. क्रूझर १२ ला आहे, मी क्वचित घेतो, किनाऱ्यावर तोफा मारायला उपयोगी पण राखणीला महाग.

नवीन घेतलेली जहाजं टर्नच्या शेवटी पाण्यात उतरतात आणि शत्रूला त्यांच्यावर आधी वार करायला मिळतो, म्हणून पहिले ट्रान्सपोर्ट एकटे उतरवू नका, ज्या टर्नला राखण उतरते त्याच टर्नला ते उतरू देत.

सबमरीनचा एक नियम खूप लोकांना माहीत नसतो. झोनमध्ये शत्रूची फक्त सबमरीन असेल तर तो झोन हॉस्टाईल (शत्रूचा) धरत नाहीत, तुम्ही तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाऊ शकता. पण त्याच झोनमधून किनाऱ्यावर हल्ल्यासाठी फौज उतरवायची असेल तर तुमचं स्वतःचं एक तरी लढाऊ जहाज तिथे सोबत पाहिजे. मित्रदेशाचं चालत नाही. सहा आयपीसीची एक सबमरीन अशी अख्खी लँडिंग अडवते, म्हणून प्रत्येक उतरायच्या गटाला एक डिस्ट्रॉयर बांधूनच ठेवा.

डिस्ट्रॉयरने तर अजून मोठी अडवणूक होते. शत्रूचं लढाऊ जहाज असलेल्या झोनमध्ये शिरलं की थांबावंच लागतं, तिथून पुढे जाता येत नाही. आमच्याकडे जपान घेणारा एक मित्र आहे, तो दर टर्नला एक डिस्ट्रॉयर बरोबर त्या झोनमध्ये आणून ठेवतो जिथून अमेरिकेचा ताफा जाणार असतो, अगदी मन लावून बोर्डवर वाकून झोन मोजतो, डिस्ट्रॉयर मरणार हे त्याला माहीत असतं, पण ८ आयपीसी देऊन तो समोरच्याचा शंभरेक आयपीसीचा ताफा एक टर्न उभा करतो. हे करायला शिका, आणि हे तुमच्यावर होणार हे धरून चाला.

यावर उपाय मित्रदेशाकडे असतो आणि तो टर्नच्या क्रमात आहे. क्रम असा, रशिया, जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिका. अटलांटिकमध्ये जर्मनीने डिस्ट्रॉयर आडवा टाकला तर ब्रिटनने तो मारायचा आणि अमेरिकेने मोकळ्या झोनमधून निघून जायचं, मधे फक्त जपानचा टर्न आहे आणि त्याचे हात तिथपर्यंत पोचत नाहीत. याच क्रमाचा दुसरा फायदा, ब्रिटनने ताफा पुढे नेला की जर्मनीचा टर्न येण्याआधी अमेरिकेची जहाजं येऊन त्याला मिळू शकतात, म्हणून दोघांनी आधी बोलून एकाच झोनमध्ये थांबा. भारताच्या बाजूला मात्र उलट आहे, ब्रिटननंतर लगेच जपान, मधे कोणी वाचवायला येत नाही, तिथला ताफा स्वतःच्या बळावर टिकला पाहिजे नाहीतर मागे घ्या.

भारत, इजिप्त आणि सुएझ

आपल्या लोकांना हा कोपरा खेळायला आवडतो आणि इथे ने-आण शिकायला पण चांगली मिळते. गेममध्ये भारत ब्रिटनकडे, किंमत ३, तिथे फॅक्टरी, आणि कलकत्ता व्हिक्टरी सिटी (गेम जिंकायला जी शहरं मोजतात त्यातलं एक). मुंबई वेगळी दाखवलेली नाही. फॅक्टरीतून टर्नला तीनच युनिटं निघतात, कारण टेरिटरीची जेवढी किंमत तेवढीच युनिटं.

भारतातून इजिप्तला इन्फन्ट्री चालवत न्यायची तर पर्शिया, ट्रान्स-जॉर्डन, इजिप्त असे तीन टर्न. भारताजवळच्या ताफ्यात सुरुवातीलाच एक ट्रान्सपोर्ट असतं, त्याने तीच माणसं एका टर्नमध्ये पोचतात. जर्मनीने पहिल्या टर्नला इजिप्त घेतला तर ब्रिटनला उलटा वार करायला हीच बोट कामी येते. पण एकदा बोट तिकडे गेली की जपानसमोर भारत दोन युनिटांनी हलका झाला, तेव्हा बर्माच्या बाजूला जपानचं काय उभं आहे ते बघून मगच.

खऱ्या युद्धात पण हाच रस्ता होता. चौथी इंडियन डिव्हिजन इजिप्तमध्ये लढली, मराठा लाईट इन्फन्ट्रीची माणसं समुद्रामार्गे आफ्रिकेत आणि नंतर इटलीत गेली. माणगावच्या बाजूचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात लढताना गेले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचं स्मारक आहे. बोर्डवर भारतातून ती छोटी इन्फन्ट्री उचलून भूमध्याच्या बाजूला ठेवताना मला हे दर वेळी आठवतं.

सुएझचा नियम असा. कालव्यातून जहाज न्यायचं तर इजिप्त आणि ट्रान्स-जॉर्डन दोन्ही तुमच्या किंवा तुमच्या मित्रांच्या ताब्यात पाहिजेत, आणि तेही तुमच्या टर्नच्या सुरुवातीपासून. याच टर्नला इजिप्त जिंकून याच टर्नला जहाज पलीकडे काढता येत नाही. दोन्हीतलं एक जरी शत्रूकडे असेल तर कालवा बंद. म्हणून ट्रान्स-जॉर्डनमध्ये एक इन्फन्ट्री कायम ठेवा, ३ आयपीसीत अख्खा कालवा राखला जातो. जर्मनीने खेळताना उलटं करा, एकाच टँकने ट्रान्स-जॉर्डन घ्या, ब्रिटनचा हिंदी महासागरातला ताफा एक टर्न तरी तिकडेच अडकतो. पनामाला एवढी भानगड नाही, सेंट्रल अमेरिका एकच टेरिटरी.

याच सुएझमधून, पोर्ट सैदवरून, फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज आलं होतं. फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं, विमानं आणि सोनं, मग कराचीला त्यातच कापसाच्या गासड्या भरल्या, १२ एप्रिलला मुंबईत आपल्या व्हिक्टोरिया डॉकला लागलं आणि १४ एप्रिलला आग लागून फुटलं. आजूबाजूची जहाजं, गोदामं, वस्ती, सगळं गेलं, शेकडो माणसं मेली. समुद्रातून सुखरूप आलेलं जहाज बंदरात संपलं. गेममध्ये आग वगैरे नाही, पण सगळ्या बोटी एकाच झोनमध्ये उभ्या करायची सवय लोकांना असते आणि तो एक झोन पडला की पुढचे चार टर्न काहीच पोचत नाही. राखण दोन ठिकाणी पुरत असेल तर दोन संच दोन झोनमध्ये ठेवा. पुरत नसेल तर मात्र एकत्रच ठेवा, अर्धवट राखलेले दोन गट सगळ्यात वाईट.

बोट की फॅक्टरी

जपानच्या खेळाडूला हा प्रश्न दुसऱ्या टर्नला पडतोच. नवीन फॅक्टरी १५ आयपीसी, दोन बोटी १४. जपानच्या मुख्य बेटावरून टर्नला आठच युनिटं निघतात आणि सुरुवातीचं उत्पन्न ३० आहे, म्हणजे सगळ्या पैशाची इन्फन्ट्री घेतली तर दहा होतील आणि दोन मांडताच येणार नाहीत. मांचुरियात फॅक्टरी टाकली तर तिथे टर्नला तीन युनिटं थेट आशियात उभी राहतात, राखण नको, फेरी नको. दोन बोटी मात्र एक झोनच्या रस्त्याला टर्नला चार युनिटं नेतात, शिवाय नंतर बोर्निओ, ईस्ट इंडीज, कुठेही वळवता येतात, आणि शत्रूने टेरिटरी घेतली तर फॅक्टरी त्याच्या हातात जाते, बोट तशी जात नाही. माझं म्हणणं, आधी बोटी पाच-सहा होऊ द्या, आठही युनिटं दर टर्नला पार होऊ लागली आणि तरी पैसे उरायला लागले की मग फॅक्टरी. फॅक्टरी टाकायची टेरिटरी टर्नच्या सुरुवातीपासून तुमची पाहिजे, आजच जिंकलेल्या जागेत आज टाकता येत नाही. आणि बॉम्बरने मारून ती बंद पाडता येते, दुरुस्तीला दर डॅमेजमागे १ आयपीसी.

उतरायच्या टर्नला काय काय बघायचं

समुद्रात लढाई असेल तर ती आधी, ती जिंकली तरच फौज उतरते. बॅटलशिप आणि क्रूझर किनाऱ्यावर तोफा मारू शकतात पण त्या झोनमध्ये समुद्री लढाई झाली असेल तर नाही, आणि जेवढी युनिटं बोटीतून उतरली तेवढीच जहाजं मारू शकतात. म्हणून आधीच्या टर्नला किंवा मित्राकडून झोन मोकळा करून घेतला तर तोफा मिळतात, हा फायदा मोठा आहे. बोटीतून उतरलेल्या फौजेला माघार नाही, त्यामुळे फासे टाकण्याआधीच ठरवा की हे पूर्ण लढायचंय का.

जिंकलेल्या टेरिटरीत त्याच टर्नला तुमची विमानं उतरत नाहीत. तिथे रात्र काढणार फक्त जमिनीवरची माणसं, आणि शत्रूचा टर्न लगेच येणार. सगळ्या बोटी हल्ल्यात वापरू नका, एक-दोन मालासकट मागे ठेवा आणि जिंकल्यावर नॉनकॉम्बॅटमध्ये त्यांची इन्फन्ट्री तिथे उतरवा, हे नियमात बसतं आणि शत्रूला हिशोबात येत नाही.

मित्रदेशाची फौज तुमच्या बोटीतून न्यायची असेल तर तीन टप्पे पडतात. त्याने त्याच्या टर्नला चढायचं, तुम्ही तुमच्या टर्नला बोट हलवायची, त्याने परत त्याच्या पुढच्या टर्नला उतरायचं. मधल्या वेळेत तुमची बोट त्याच्या मालासकट तिथेच अडकलेली असते. त्याच्या बोटी बुडाल्या असतील आणि दुसरा रस्ताच नसेल तरच हे करा, आणि करताना त्याच्याशी झोन आधीच ठरवून घ्या, कारण तो उतरेल तेव्हा बोट त्या किनाऱ्याला लागून उभी असली पाहिजे.